बाईंनी भाकरी बंद केली

आमच्या नर्सिंग कॉलेजात मुलींना गावात न्यायच्या आधी मी सासू होते. डोक्यावर पदर घेते, खुर्चीत मांडी घालून बसते आणि समोर उभ्या केलेल्या पोरीला विचारते, "आमच्या सुनंला ती बी ची कावीळ निघालीया म्हणं. ताट-तांब्या वेगळा काढलाय मी तिचा. चुकलं काय माझं?" मग त्या पोरीनं मला पटवायचं. पुस्तकातलं बोलली की मी वाकड्यात शिरते. "यकृत म्हंजे काय गं? आमच्या घरात न्हाय तसलं काय." सगळा वर्ग खिदळतो, पोरगी रडकुंडीला येते आणि मला, खोटं कशाला बोलू, मजा येते. बेळगावात आणि आसपासच्या खेड्यांत हिपॅटायटिस बी विषयी लोकांशी बोलायला मुलींना तयार करायचं, हे माझं काम. सासू पटली की मुलगी तयार झाली, असं मी धरून चालते.

मराठीत झालं की तोच प्रयोग कन्नडमध्ये. आमच्याकडे एकाच गल्लीत एक बाई मराठीत विचारते आणि तिची जाऊ कन्नडमध्ये, त्यामुळे दोन्ही यायला लागतं. कन्नडमध्ये माझी सासू अडखळते, मुली मला दुरुस्त करतात आणि तेवढाच त्यांचा सूड उगवून होतो.

काही वाक्यं मात्र मी घोकूनच घेते. ही कावीळ रक्तातून जाते, एकाला वापरलेल्या सुईतून दुसऱ्याला जाते, शरीरसंबंधातून जाते, बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. एका ताटात जेवल्यानं जात नाही, एका तांब्यानं पाणी प्यायल्यानं जात नाही, हातचं खाल्ल्यानं जात नाही. हे शेवटचं मी मुलींकडून इतक्या वेळा म्हणवून घेते की शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या सरांनासुद्धा ते पाठ झालंय.

या वर्षीच्या बॅचमध्ये निपाणीकडची एक मुलगी आहे. जैन शेतकरी घरातली. घरात कन्नड, बाजारात मराठी, बोलणं कमी आणि नजर चौकस. एकदा सासूचा प्रयोग संपला तसा तिनं हात वर केला.

"मॅडम, तुम्ही स्वतः खाल? पेशंटच्या हातचं?"

माझं डोकंच सणकलं. इतकी वर्षं शिकवतेय आणि ही कालची पोर मला विचारतेय! "काय विचारतेस गं? रोज खाईन! एका ताटात बसून खाईन! बस खाली."

ती बसली. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या होत्या, हे आता आठवलं की लाज वाटते.

बेळगावात खासबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाला आक्का राहतात. मी त्यांच्यापेक्षा वयानं थोरली, तरी सगळी गल्ली आक्का म्हणते म्हणून मीही आक्काच म्हणते. त्यांचे यजमान उद्यमबागेत, शहराच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका फौंड्रीत कामाला होते. तिथं हात दुखावला तेव्हापासून ते घरीच असतात आणि घर चालतं ते आक्कांच्या भाकरीवर. दुपारी तवा चढायचा तो दिवेलागणीपर्यंत उतरायचा नाही. ज्वारीची पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली भाकरी. गल्लीतली आमच्यासारखी नोकरदार घरं आणि उद्यमबागेतल्या कामगारांची एक खानावळ, एवढ्यांना त्या पुरवायच्या. तव्यावरची पहिली भाकरी मात्र त्या निपाणीच्या मुलीची. ती आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहते आणि दिवस मावळायच्या आत जेवते, म्हणून तिचा मान पहिला.

आमच्याकडे भाकरी संध्याकाळी यायची. मी कॉलेजातून येऊन पर्स टाकते न टाकते तोच दारात हाक, "बाई, भाकरी!" फडक्यात गुंडाळलेली, हाताला चटका बसेल अशी. माझी मुलं त्या भाकरीवर वाढली. लेक बेंगळुरूहून फोन करते तेव्हा आधी आक्कांची भाकरी विचारते आणि मग माझी तब्येत.

पावसाळा संपता संपता माझ्या मुलींनी आमच्याच वॉर्डात तपासणी शिबिर घेतलं, देवळाच्या सभागृहात. बोटाला टोचून थेंबभर रक्त घ्यायचं, थोड्या वेळात निकाल. बायका आल्या खऱ्या, पण सगळ्या दाराशी घोळका करून उभ्या. आत पाऊल टाकायला कुणी तयार नाही. मुलींचे चेहरे उतरले. मी तशीच उठले आणि आक्कांच्या घरी गेले. "आक्का, चला बघू. तुम्ही पहिल्यांदा बसा, मग बाकीच्या आपोआप येतात."

आक्कांनी पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि निघाल्या. "बाई म्हणत्यात म्हंजे बसायच पायजे," असं दारातल्या बायकांना सांगत खुर्चीत बसल्या आणि बोट पुढं केलं. त्यांच्यामागे रांग लागली. मी मुलींकडे बघून भुवई उडवली. बघा गं, असं करायचं असतं.

आक्कांची तपासणी पॉझिटिव्ह निघाली.

मागच्या खोलीत दार लावून मी त्यांना सांगितलं. समजावून कसं सांगायचं ते शिकायला शेजारी निपाणीची मुलगी बसली होती. निकाल बघणारा तंत्रज्ञ गल्लीतल्या कुणाला ओळखत नव्हता, म्हणजे ओळखीच्यातल्या आम्हा दोघींनाच ते ठाऊक. आणि नीट सांगितलं मी, अगदी आदर्श सांगितलं. घाबरायचं कारण नाही, मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासणी करू, मी बरोबर येते. यजमानांची तपासणी करू, त्यांना लस देऊ. पुष्कळांना लगेच औषधही लागत नाही, फक्त ठरलेल्या वेळी दाखवत राहायचं. आक्का मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"बाई, भाकरी केली तर चालतंय न्हवं?"

"बिनधास्त करा. हातचं खाल्ल्यानं जात नाही."

"आन् हे कुणाला कळायचं न्हाय न्हवं? भाकरीवर घर हाय वो माझं."

"माझ्या पोरी मेल्या तरी तोंड उघडणार नाहीत," मी म्हणाले. निपाणीची मुलगीही मान हलवून हो म्हणाली.

त्याच दिवशी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला हाक आली. "बाई, भाकरी!" एवढं सगळं ऐकून घरी गेल्यावर ती बाई तव्यापुढे बसली होती. मी फडकं घेतलं, ओट्यावर ठेवलं, उघडलं. भाकरीच्या कडेला बोटांचे ठसे होते, थापताना उठतात तसे. ते मी आयुष्यात कधी बघितले नव्हते. त्या दिवशी बघितले.

माझ्या अंगात लशीचे सगळे डोस आहेत. लस लागू पडल्याचा रिपोर्ट कपाटात आहे. भाकरी तव्यावर भाजलेली, आचेवर फुगलेली. समजा नसती भाजली, तरी काही होणार नव्हतं. हे मला माहीत होतं का? अहो, मीच तर शिकवते! आणि माझा हात पुढं होईना. मी ओट्यापाशी उभी राहिले, फडकं परत गुंडाळलं आणि मागच्या दारानं जाऊन कोपऱ्यावरच्या गाईला भाकरी घातली. आज दमलेय, भूक नाही, असं स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही दमलेलीच होते. मग रोजच दमायला लागले. गाय इतकी सोकावली की संध्याकाळी मागच्या दाराशी येऊन उभी राहायची. अन्न असं घालवायची लाज वाटायला लागली. कशाची वाटायला हवी होती आणि कशाची वाटली, बघा. शेवटी एक दिवस मी दारातच आक्कांना म्हणाले, "आक्का, उद्यापासून भाकरी नको. साखर निघालीय मला. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय."

आक्का गोंधळल्या. "साखरंला तर भाकरीच चांगली म्हणत्यात की वो?"

"माझं वेगळं आहे," मी म्हणाले. पुढं दोन-चार डॉक्टरी शब्द फेकले. धादांत खोटं, आणि तेही वर्गातल्या आवाजात. त्यांनी लगेच मान्य केलं. दवाखान्यातलं माणूस सांगतंय म्हटल्यावर त्या काय बोलणार? "जपा बाई," एवढं म्हणून फडकं घेऊन गेल्या.

भाकरी ताटातून गेली तेव्हापासून घरी नवरा कुरकुरत होता. पिठल्याबरोबर भात कसा खायचा म्हणे. का बंद केलीस, असं त्यानं दहादा विचारलं, पण मी काही सांगितलं नाही. पेशंटची गोष्ट नवऱ्यालाही सांगायची नसते. या एका गोष्टीचा मला त्या दिवसांत चक्क अभिमान वाटत होता. दवाखान्याच्या फेऱ्यांनाही मी आक्कांबरोबर गेले. यकृत चांगलं आहे, आज औषध नको, दाखवत राहा, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा रिक्षात आक्कांनी माझा हात धरला. मी तो सोडवून घेतला नाही. धरलेल्या हातानं काही होत नाही, हे मला पटलेलं होतं. भाकरीचं तेवढं पटत नव्हतं.

दिवाळी झाली आणि निपाणीची मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. "मॅडम, आक्कांच्या भाकऱ्या बंद व्हायला लागल्यात. गल्लीतली घरं एकेक करून नको म्हणाली. काल खानावळवाल्यानंही बंद केल्या. लोक म्हणतायत, त्यांना ती कावीळ आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणी सांगितलं लोकांना?"

"माहीत नाही, मॅडम."

"मला माहीत आहे. ते दोघींनाच ठाऊक होतं. तुला आणि मला. मी कुणाला बोललेले नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही!"

"मी नाही सांगितलं, मॅडम."

मी ऐकते कशाला? तिला तशीच वर्गात घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर उभी केली. आक्कांचं नाव घेतलं नाही, तेवढी शिस्त पाळली! पण म्हणाले, एका बाईनं विश्वास टाकला आणि हिच्या जिभेला हाड नाही, म्हणून तिची चूल विझायची वेळ आली. तू ह्या अंगावरच्या पांढऱ्या कपड्याच्या लायकीची नाहीस. उद्यापासून गावात यायचं नाही, लायब्ररीत बसायचं. ती रडली नाही. एकदाच परत म्हणाली, "मी नाही सांगितलं," आणि जागेवर जाऊन बसली. तिच्या मैत्रिणी तिच्याकडे बघायचं टाळत होत्या.

मग त्या रविवारी मी भाजीच्या गाडीपाशी उभी होते. शेजारची बाई मेथी निवडत होती. माझ्या मनात आक्कांचंच चाललेलं. म्हटलं, हिलाच विचारावं, बातमी आली कुठून ते तरी कळेल. "काय हो, आक्कांच्या भाकरीला सगळ्यांनी एकदम नको का म्हटलं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, मी चेष्टाच करतेय जणू. "बाई, तुमीच आदी बंद केली की! शिबिर झालं, आन् त्याच्या मागनं तुमी भाकरी बंद केली. आमी काय येडं हाय व्हय? तुमची भाकरी रोज गाईच्या तोंडात जाताना माझ्या सुनंनं बघितली. तुमी दवाखान्याचं माणूस, तुमास्नी ठावं. तुमी खाईना म्हटल्यावर आमी कसं खायाचं?" आणि आवाज उतरवून म्हणाली, "तुमचं उपकारच म्हणायचं. तुमच्यामुळं तर आमी वाचलो."

मी भाजी न घेता घरी आले.

तोंडातनं एक शब्द न काढता मी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. आक्कांना खुर्चीत मी बसवलं, बाकीच्या माझ्यावर विश्वास ठेवून रांगेत आल्या, आणि माझ्यावरच विश्वास ठेवून सगळ्यांनी भाकरी टाकली. वर्गातल्या खुर्चीत बसून मी ज्या सासूची टिंगल करते, तिनं निदान ताट वेगळं काढून त्यात सुनेला वाढलं तरी असेल. मी तर गाईला घातलं आणि वर तोंड करून साखरेचं नाव सांगितलं.

सोमवारी वर्गात गेले. निपाणीच्या मुलीला उभं केलं नाही, मीच उभी राहिले. नाव तेवढं सोडून सांगितलं सगळं, गाईसकट. परवा त्या मुलीला जे बोलले ते मला लागू आहे, तिला नाही. मी तिची माफी मागते. बाकावरून ती उठली आणि नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाली, "मॅडम, मी अजून त्यांच्याकडनंच घेते भाकरी. आता माझ्या एकटीसाठी तवा तापवतात त्या." आणि बसता बसता म्हणाली, "त्या तुमच्याबद्दल रोज विचारतात."

माझ्याबद्दल काय विचारतात, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

संध्याकाळी आक्कांच्या दारात गेले. काय करायचं ते मनात ठरलेलं होतं. उंबऱ्यावर बसायचं, सगळी गल्ली बघत असताना भाकरी मागायची आणि खायची. बघू दे लोकांना. बाईंनी बंद केली म्हणून सगळ्यांनी केली, तर बाईंनी खाल्ली म्हणून सगळे खातील. त्या कल्पनेनं जरा धीर आला होता. अजूनही मला प्रयोगच सुचत होता.

"या बाई, या!" आक्का पुढं झाल्या. "उंबऱ्यावर कशाला बसताय? आत या की." यजमान खाटेवर होते, ते उठून बाहेर गेले. तवा भिंतीला टेकवून उभा केलेला होता. पिठाचा डबा पालथा. आक्कांनी चहा ठेवला आणि गॅसपाशी उभ्या उभ्याच सांगायला लागल्या. उद्यापासून उद्यमबागेत जाणार, एका कारखान्यात नट-बोल्ट पिशव्यांत भरायचं काम मिळालंय. सकाळची बस. ओळखीनं मिळालं, नाहीतर कोण देतं. भाकरीचं आता काही खरं नाही.

"कुणी सांगितलं आसंल वो लोकांस्नी?" त्या म्हणाल्या. "तुमची ती पोरगी न्हवं हां. लई गुणाची हाय ती. काय लोक तर तुमचं नाव घेत्यात. म्हणत्यात, बाईनं भाकरी बंद केली म्हंजे काय तरी आसणारच. मी भांडले की त्यांच्यासंगं. म्हटलं, बाईस्नी साखर निघालीया, म्हणून बंद केली. त्यांच्यावर असलं किटाळ घालू नगासा."



त्यांनी कप माझ्या हातात दिला. "घ्या. तुमचा बिनसाखरंचा केलाय, घाबरू नगा." आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "वाळलासा बाई तुमी. लई काळजी वाटतीया मला. औषध घेता न्हवं येळच्या येळी?"

मी एक घोट घेतला. कडू होता.

"आक्का," मी म्हणाले, "मला साखर नाही."

"व्हय? उतरली?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "बरं झालं गं बाई! मी म्हणतच हुते."

"उतरली नाही. नव्हतीच कधी. मी खोटं बोलले."

त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लगेच गेला नाही, हळूहळू गेला, आणि तो जाताना मला बघावा लागला. लोक म्हणतात ते खरं आहे, मीच केलं, असं पुढचं सगळं मी सांगितलं. गाईचंही सांगितलं. माझं संपलं तेव्हा बाहेर यजमान कुणाशी तरी बसच्या वेळेबद्दल बोलत होते.

आक्का उठल्या. फळीवरचा साखरेचा डबा काढला, झाकण उघडलं, त्यात चमचा ठेवला आणि तो डबा माझ्यापुढे आणून ठेवला. मग आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मी साखर घातली, ढवळली आणि तो गार चहा संपवला. भाकरी मागायला आले होते, ती मागितलीच नाही.